बालाजीचा उजवा पाय

१. चष्मा

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला देवगाव फाट्यावर एक पांढरी जीप सुकेशनीच्या दुकानापुढं येऊन थांबली. थांबण्याआधी मात्र ती अशी काही थरथरली, की पुढच्या सीटवरच्या बसवेश्वरांचा चष्मा नाकावरून निसटला आणि त्यांच्याच मांडीवरच्या भज्यांच्या पुडीत पडला.

चष्मा शर्टाला पुसत ते खाली उतरले. "बगितलं ना ताई? आपल्या डोळ्यांनी बगितलं ना? आता तुमीच न्याय करा."

"मला दिसलं. तुमाला दिसायलंय का ते सांगा," सुकेशनी म्हणाली. "काचेवर मिरचीचं देठ हाय अजून."

सुकेशनीचं दुकान स्पेअर पार्टचं. वय सेहेचाळीस, शिक्षण दहावीला गणितात अडकलेलं. गाडीचं शिक्षण काउंटरवरच झालं. गिऱ्हाईक जुना पार्ट आणून आपटायचं, "असाच द्या" म्हणायचं आणि नवा घेऊन निघून जायचं. ही तो जुना हातात घेऊन बसायची. हा मेला कशानं? झिजून, उपाशी राहून, का कुणी मारला? वीस वर्षं हाच एक प्रश्न विचारत बसल्यावर माणूस एक तर वेडं होतं, नाहीतर शहाणं. फाट्यावर या बाबतीत दोन मतं होती.

"एका सालात दोनदा ब्रेकच्या डिस्क बदलल्या," बसवेश्वर म्हणाले. "तुमच्याच दुकानातल्या, ह्या पप्पूच्याच हातच्या. तरी ब्रेक दाबला की स्टिअरिंग भूत लागल्यासारखं हलतंय. कसूर कुणाचा ते मला कळलंय. तुमी फकस्त हो म्हणा."

"कुणाचा?"

त्यांनी हनुवटीनं जीपकडं दाखवलं. दाराला टेकून त्यांचा ड्रायव्हर बालाजी उभा होता. बावन्न वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, नजर जमिनीवर. जमिनीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

बसवेश्वरांचं येलदरी रस्त्यावरच्या त्यांच्या गावात खता-बियाण्यांचं दुकान आहे. बियाणं उगवलं नाही की लोक भांडायला येतात, त्यामुळं पुराव्यानं बोलायची त्यांना सवय.

"चैत्रात नव्या डिस्क टाकल्या. त्याच हप्त्यात ह्याला कावीळ झाली. सहा हप्ते हा घरी, गाडी माझ्या हातात. स्टिअरिंग कसं, लोणी! हा कामावर आला अन् पंधरा दिवसात थरथर चालू. दिवाळीला परत नव्या टाकल्या, तवा हाच चालवायला होता. पंधरा दिवसात परत तेच. गाडी तीच, रस्ता तोच. मग बदललं काय? पाय! ह्याचा उजवा पाय लय जड हाय, सारखा ब्रेकवर. जिंतूरचा एक ड्रायव्हर सोमवारपासून ठेवायलोय. बोलणं झालंय."

अडचण अशी होती की यात चूक काढायला जागा नव्हती. सुकेशनीनं बालाजीकडं बघितलं.

"तुमचं काय म्हणणं हाय, भाऊ?"

"माझं काय असणार?" बालाजी म्हणाला. "अकरा वर्षं झाली. अप्पाला, म्हणजे ह्यांच्या वडलाला, म्या ह्याच गाडीत लग्नाकार्याला नेलं, बाजाराला नेलं, दवाखान्याला नेलं. तवा कदी थरथरली न्हाई. ते गेले अन् थरथराय लागली." मग जरा थांबून, "दुसऱ्याची गाडी आता ह्या वयात मला जमंल का न्हाई, म्हाईत न्हाई."

सुकेशनीनं काउंटरवरची किल्ली उचलली. "पप्पू! चल, फिरवून आणू."

पप्पू मिस्त्री शेजारच्या गॅरेजातून हात पुसत आला. सेलूच्या रस्त्याला दोघांनी गाडी काढली. साठच्या वेगात सुकेशनीनं स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले. गाडी गप्प. म्हणजे चाकांचं बॅलन्सिंग ठीक होतं. मग तिनं ब्रेक दाबला आणि बांगड्या खणखणल्या.

"तुझ्या बुडाला काय जाणवतंय का?" तिनं विचारलं.

"ताई?"

"अरे, सीट हलायलीय का? मागचं चाक बिघडलं तर सीट हलती, पुढचं बिघडलं तर स्टिअरिंग."

"सीट गुमान हाय," पप्पू लाजून म्हणाला.

परत येऊन पप्पूनं गाडी जॅकवर उचलली आणि डिस्कला मापाचं घड्याळ लावलं. डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी ताटली, सपाट असली तर त्याचा काटा झोपून राहतो. त्यानं डावी डिस्क फिरवली. काटा झोपलेला. उजवी फिरवली. काटा वरातीत नाचावं तसा नाचायला लागला.

सुकेशनी एकदम उभी राहिली. "पप्पू, दिवाळीला काढलेल्या जुन्या डिस्क भंगारात दिल्यास का?"

२. भंगारातले साक्षीदार

दिल्या नव्हत्या. भंगारवाल्याशी पप्पूचं मागच्या सालच्या पोळ्यापासून भांडण होतं, त्यामुळं वर्षभराची सगळी मयतं दुकानामागं रांगेनं पडून होती. काढलेल्या प्रत्येक पार्टवर पिवळ्या ऑइलपेंटनं गाडी आणि बाजू लिहायची पप्पूची रीत. 'ड्रा' म्हणजे ड्रायव्हरची, उजवी बाजू, 'क्ली' म्हणजे क्लीनरची. या जीपला क्लीनर कधीच नव्हता. बाजू मात्र होती.

चैत्रात काढलेली जोडी सापडली, दिवाळीत काढलेलीही सापडली. पप्पूनं एकेक चढवून, फिरवून काटा लावला. दोन्ही 'क्ली' सरळ. दोन्ही 'ड्रा' वाकड्या.

"बसवेश्वरभाऊ, इकडं या. ब्रेकवर पाय किती पडतो?"

"एक."

"अन् चाकं किती आवळली जातेत?"

"चारी."

"पुढच्या दोन्हीला जोर सारखाच जातो. बालाजीभाऊचा पाय जड असता तर उजवी डिस्क गेली तशी डावीबी गेली असती. तीनदा उजवीच जाती अन् डावीला ओरखडाबी न्हाई. मग कसूर पायाचा कसा?"

बसवेश्वरांनी विचार केला. हार मानणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. "पाय उजवा हाय. उजव्या चाकावर जास्त दाब पडत असंल."

पप्पूला एकदम खोकला आला.

"मग तुमचा माल खराब असंल," बसवेश्वर म्हणाले.

"डावी अन् उजवी एकाच खोक्यातली जोडी. तीनदा उजवीच खराब निघाली?"

"मग पप्पूनं नट कसेबी आवळले असतील!"

पप्पूचा खोकला थांबला. "ओ मालक! बोलताना जरा बगून. हातानं, समोरासमोरचे नट, पाळीपाळीनं आवळलेत. दोन्ही चाकं सारखीच." ब्रेक ज्यांच्यावर सरकतो त्या पिनाही त्यानं काढून दाखवल्या. कुठंच अडकत नव्हत्या, नव्या नवरीच्या बांगड्यांसारख्या सरकत होत्या.

बालाजीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी तरतरी आली. तेवढ्यात पप्पूनं उजवं चाक आडवं टाकलं आणि बोट फिरवलं. "ताई, हे बगा. ब्रेकची धूळ काळी असती. ही पांढरी कुठून आली?"

चाकाच्या कपावर, म्हणजे मधल्या झाकणावर, खाचाखाचांत पांढरट काहीतरी वाळलेलं होतं. बोटाला लावलं तर पिठासारखं मऊ. डाव्या चाकावर त्याचा पत्ता नव्हता. डिस्कच्या कडेला गंजाचे ओघळ होते, तेही उजव्याच.

"चुना?" बालाजी म्हणाला.

"सिमेंट?" बसवेश्वर म्हणाले.

"करणी," पप्पू म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितल्यावर त्यानं ते परत घेतलं.

सुकेशनीनं बोट पदराला पुसलं. "घरी गाडीला कोण कोण हात लावतं?"

"कुणीच न्हाई," बसवेश्वर म्हणाले.

"कुणीच न्हाई," बालाजीही त्याच दमात म्हणाला. अख्ख्या सकाळीत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि नेमकी तीच खोटी होती.

"उद्या मी तुमच्या घरी येते," सुकेशनी म्हणाली. "सांजपर्यंत नाव सांगते. न्हाई सांगितलं तर सोमवारी खुशाल नवा ड्रायव्हर ठेवा."

बालाजीनं मान खाली घातली. आता त्याच्याजवळ एक दिवस होता.

३. नऊ गतिरोधक

रविवारी बालाजी तिला आणि पप्पूला घ्यायला फाट्यावर आला. पप्पूनं नव्या डिस्कची जोडी आणि नवे ब्रेक पॅड मागं टाकले. जिंतूर ओलांडून येलदरीच्या वाटेला लागेपर्यंत बालाजीनं ब्रेकला जेमतेम सहा वेळा पाय लावला. सुकेशनी मोजत होती. या माणसाचा पाय जड असेल तर आपला हात विमान आहे, असं तिला वाटलं.

गावाची कमान लागली आणि मात्र चित्र पालटलं. कमानीपासून बसवेश्वरांच्या घरापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरात नऊ गतिरोधक होते. पहिला सरपंचानं स्वतःच्या दारापुढं घातला. मग उपसरपंचाला कमीपणा वाटला. मग माजी सरपंच. त्यानंतर ज्याला ज्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं, त्यानं एकेक घातला. त्यातून रस्ता उताराचा. प्रत्येक ठिकाणी ब्रेक, आणि प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंगची थरथर. नववा ओलांडून गाडी फाटकात शिरली तेव्हा जळक्या वासानं पप्पूनं नाक मुरडलं.

बालाजीनं जीप अंगणातल्या भिंतीला डाव्या अंगानं अगदी चिकटवून लावली. "हितंच लावायची. अप्पाची शिस्त," तो म्हणाला, आणि घराला वळसा घालून मागच्या नळावर तोंड धुवायला निघून गेला.

सुकेशनीनं उजव्या चाकाजवळ हात नेला. तव्यासारखी धग लागली.

"कोण आलंय, माय?" पायरीवर एक म्हातारी उभी होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कापडात गुंडाळलेलं लिंग, हातात पितळी तांब्या. बसवेश्वरांची आई, बसम्मा. "पाय पुढं कर. उजवा आदी."

"राहू द्या की, आजी. मी घेते धुवून."

"आल्या माणसाचे पाय धुतल्याबिगर उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाई. ह्या घराचा रिवाज हाय. तुझ्याकरता मोडू का?"

सुकेशनीनं पाय पुढं केला. आपल्या पायावर दुसऱ्या कुणी पाणी घालावं अशी सवय तिला कुठल्या घरानं लावली नव्हती. पाणी गार होतं, रांजणातलं. मग पप्पूनं ग्रीसनं माखलेले पाय पुढं केले. बसम्मानं तितक्याच मायेनं त्यावरही तांब्या रिकामा केला.

स्वयंपाकघरात बसवेश्वरांची बायको त्रिवेणी भाजी निवडत होती. तिला विचारायच्या आधीच ती बोलायला लागली.

"नजर लागली, दुसरं काय? म्या लिंबू-मिरची बांधली तर ह्यांनी काढून टाकली. म्हणे आपल्यात बांधत नसतेत. त्या बालाजीचा काय दोष? गरीब हाय बिचारा. पण माझं ह्या घरात ऐकतं कोण! आता हा रांजण बगा. सकाळी भरला, दुपारी अर्धा. पाणी जातं कुठं, म्हाईत न्हाई. सासूबाई गुडघ्याच्या औषधाला पिंगळीला भयनीकडं होत्या, तवा हाच रांजण दोन-दोन दिवस पुरायचा."

सुकेशनीचा चहाचा कप ओठाशी थांबला. "कवा गेल्या होत्या पिंगळीला?"

"चैत्रात. चांगल्या दीड महिना ऱ्हायल्या."

बसवेश्वर दुकान बंद करून आले आणि आल्या आल्या त्यांनी पुन्हा जिंतूरच्या ड्रायव्हरचं कौतुक सुरू केलं. सुकेशनीनं मधेच विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर हाय?"

"आईच्या. अप्पांनी मरायच्या आदी वकिलाकडून कागद करून ठेवला. म्याच सगळ्यांपुढं वाचून दाखवला. स्थावर मालमत्ता मला, म्हणजे घर, शेत, दुकान. जंगम आईच्या हवाली. जंगमात मोठं म्हणजे ही गाडीच."

कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या बसम्मानं गळ्यातल्या लिंगाला हात लावून नमस्कार केला. कुणाचं लक्ष नव्हतं. सुकेशनीचं होतं. तिनं कप खाली ठेवला आणि ती अंगणात गेली.

अंगण कोरडं ठणठणीत होतं. फक्त जीपच्या उजव्या चाकाखाली ताटाएवढी ओल होती. आत्ताची, ताजी. चहा व्हायच्या आत कुणीतरी येऊन गेलं होतं.

४. छिस्स

"बालाजीभाऊ," सुकेशनी म्हणाली, "गाडी परत कमानीपर्यंत न्या. नऊच्या नऊ गतिरोधक करून या. मग रोजच्यासारखी लावा, रोजच्यासारखं मागच्या नळावर जा. बसवेश्वरभाऊ, तुमी गाडीत बसा, अन् आल्यावर रोज काय करता तेच करा."

"मी रोज फोनवर बोलत आत येतो."

"मग फोनवर बोलत आत या."

"कुणाशी बोलू?"

"त्या जिंतूरवाल्याशी बोला," त्रिवेणी आतून म्हणाली. "तसंबी दुसरं काय सुचायलंय तुमाला!"

गाडी गेली. सुकेशनी, पप्पू आणि त्रिवेणी खिडकीच्या जाळीआड उभे राहिले. पप्पूनं हातात पाना घेतला होता. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दहा मिनिटांनी जीप थरथरत आली आणि भिंतीला टेकली. बसवेश्वर फोन कानाला लावून आत शिरले आणि खिडकीशी येऊन थांबले. बालाजी मागं गेला. अंगणात कुणी उरलं नाही.

मग पायरीवर पितळी तांब्या चमकला.

बसम्मा गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी उतरली. जीपच्या उजव्या चाकापुढं वाकली. कनवटीची विभूती काढून तीन बोटांनी चाकाच्या कपावर तीन पट्टे ओढले. हात जोडले. "दमून आलात," ती चाकाला म्हणाली आणि तांब्या कलंडला.

छिस्स!

चाकातून वाफेचा लोट उठला. पप्पूच्या हातातला पाना त्याच्याच पायावर पडला.

"आई!" बसवेश्वर फोनसकट बाहेर धावले. "काय करायलीस?"

बसम्मानं मान वर केली. "पाय धुवायलेय. कामून?"

"गाडीचे?"

"जंगमाचे!"

५. हलतो तो

क्षणभर अंगणात फक्त फोनमधल्या जिंतूरच्या ड्रायव्हरचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं.

"तूच वाचलास ना कागद?" बसम्मा म्हणाली. "स्थावर बसवेश्वराला, जंगम बसम्माच्या हवाली. घर तुझं, शेत तुझं, म्या काय बोलले का? जाताना तुझ्या अप्पानं मला येवढंच सांगितलं, की जंगमाचं तू बग. जंगम दारात आला तर पाय धुवायचे न्हाईत, इबूत लावायची न्हाई? लोक काय म्हणतील? सांबप्पाची बायको रिवाज इसरली?"

"अगं, तो जंगम वेगळा! पाय धुवायचे असतेत ते आपले गुरू, जंगमस्वामी. हे सरकारी जंगम हाय. जंगम मालमत्ता म्हणजे जी हलती ती."

"मंग जंगमस्वामी काय करतेत? ह्या गावाहून त्या गावाला हलतेतच की. एका जागी बसला तर त्याला जंगम कशाला म्हणतील?"

बसवेश्वरांना एक मुद्दा सापडला. "कागदात भांडीबी जंगमातच होती. मग भांड्यांचे पाय का धुत न्हाईस?"

"भांडी रोजच धुतेय म्या."

त्रिवेणीनं पदर तोंडात कोंबला.

"अन् आजी, डावं चाक?" पप्पूनं अदबीनं विचारलं.

"डाव्या अंगाला भिंत हाय. भिंतीत शिरू का म्या? म्हणलं, उजव्या पायाला पाणी पोचलं की जंगमाला पोचलं."

"अन् मागची चाकं?"

"ती मागून येणारी माणसं. त्यांचं त्यांनी बगावं."

बालाजी ओल्या तोंडानं घराच्या कोपऱ्यावर उभा होता. हे तो कधीच बघू शकला नव्हता, कारण तो रोज याच वेळी मागच्या नळावर असायचा. घरातल्यांना दिसलं नव्हतं, कारण बसम्मा उभ्या जन्मात सतत कशावर ना कशावर पाणी घालत आली होती. तुळस, गाय, पाहुणे, नातवंडं. तिच्या हातातला तांब्या म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. बघूनही कुणी बघत नाही.

सुकेशनी पायरीवर बसली आणि तिनं बसम्मालाही शेजारी बसवलं. तिला खरं सांगायचं होतं, आणि ते असं सांगायचं होतं की म्हातारीच्या हातातून तांब्या सुटू नये.

"आजी, नऊ गतिरोधकांवर ब्रेक दाबून दाबून ह्या चाकाच्या आतली लोखंडाची ताटली तव्यासारखी लाल व्हायला येती. तापल्या तव्यावर गार पाणी टाकलं तर काय होतं?"

"तवा वाकतो," बसम्मा पटकन म्हणाली, आणि मग तिचा हात तोंडावर गेला. "आत तवा हाय?"

"दोन हायेत. डाव्याला पाणी पोचत न्हाई म्हणून तो सरळ. उजवा तीनदा वाकला. चैत्रात नवा टाकला तवा तुमी पिंगळीला होतात. सहा हप्ते पाणी न्हाई, सहा हप्ते थरथर न्हाई. नेमका तवाच बालाजीभाऊ काविळीनं घरी, म्हणून सगळं त्यांच्या पायावर गेलं. तुमी परत आल्या, तेबी कामावर आले, अन् गाडी परत थरथरायला लागली. पांढरं पीठ म्हणजे तुमची इबूत. रांजण अर्धा व्हायचा तो हितं."

"बालाजीच्या पायावर काय गेलं?" बसम्मानं विचारलं. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्रिवेणीच म्हणाली, "उद्यापासून काढायलेत त्याला. नवा ठेवायलेत."

बसम्मानं तांब्या पायरीवर ठेवला. "म्हंजी म्या पाणी घातलं अन् शिक्षा ह्याला," ती हळूच म्हणाली. "तवा तापतो ते मला कळतं, माय. पण ह्याच्या पोटात तवा हाय, हे मला कुणी सांगितलं का?"

"न्हाई सांगितलं. म्हणून तर तुमचा कसूर न्हाई," सुकेशनी म्हणाली. "अन् पाय धुवायचं सोडू नका. फकस्त येळ बदला. सकाळी गाडी निघायच्या आदी धुवा. रातभर निवलेली असती, तवा किती बी पाणी घाला. चार तांबे घाला."

"दमून आल्यावर न्हाई, निघताना," बसम्मा म्हणाली. तिनं ते दोनदा स्वतःशी म्हणून बघितलं. "चालंल. वाटंला लागणाऱ्यालाबी पाणी लागतंच."

पप्पूनं जॅक लावला. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत जोडीच्या जोडी डिस्क बदलून झाल्या, पॅड नवे बसले. मापाचा काटा दोन्हीकडं ढाराढूर झोपला. मग परीक्षा म्हणून बालाजीनं बसवेश्वरांना शेजारी घेतलं आणि पप्पूला मागं, आणि तिघं कमानीपर्यंत जाऊन आले.

जीप नववा गतिरोधक ओलांडून फाटकात शिरली. स्टिअरिंग लोणी होतं. बसवेश्वरांचा चष्मा नाकावर होता, आणि मांडीवर त्रिवेणीनं मुद्दाम ठेवलेली शेंगदाण्याची वाटी काठोकाठ भरलेली होती.

बसम्मा तांब्या घेऊन पायरीवर उभी होती. ती चाकाजवळ आली, धग बघितली आणि तांब्या मागं घेतला.

"चला, झालं मनासारखं," सुकेशनी म्हणाली. "मग जिंतूरवाल्याला फोन करताय ना, भाऊ?"

बसवेश्वरांनी चष्मा नीट केला. "तसं डिस्कचं कळलं, ठीक हाय. पण म्या त्याला शब्द दिलाय. अन् काय बी म्हणा, बालाजीचा पाय जरा जडच—"

"बसू," बसम्मा म्हणाली.

या नावानं त्यांना हाक मारणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

"स्थावर कुणाचं?"

"माझं."

"अन् हलतं ते?"

"तुझं."

"बालाजी हलतो का न्हाई?"

बसवेश्वरांनी बालाजीकडं बघितलं. बालाजी नको त्या वेळी निश्चल उभा होता. सुकेशनीनं त्याला कोपरानं ढोसलं. तो हलला.

"हलतो," बसवेश्वर म्हणाले.

"मग तो माझ्याकडचा. जिंतूरवाल्याला सांग, हितं जागा न्हाई."

बसवेश्वर फोन घेऊन फाटकाबाहेर गेले. बोलताना त्यांचा आवाज पुराव्याशिवायच्या माणसासारखा लहान झाला होता. बालाजी डोळे पुसायला म्हणून मागच्या नळाकडं वळला.

"तिकडं कुठं?" बसम्मानं हटकलं. "अकरा वर्षं बगायलेय, आला की घराला वळसा घालून पळतोस. तुला कुणी सांगितलं होतं मागं जायला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरनं पुढच्या पायरीवर पाय धुवायचे नसतात, हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

"पाय पुढं कर. उजवा आदी."

बालाजीनं चप्पल काढली. ज्या पायावर सालभर आळ होता तो पाय त्यानं बिचकत पुढं केला. बसम्मानं तांब्या कलंडवला, आणि थेंब पडायच्या आत एकदम सरळ धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "आत्ताच उन्हातून आलायस. आदी निवू दे."